देव उठायला नको

चुनीलालनं देवळाला कुलूप ठोकलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि घरी येऊन चहा मागितला. प्रमिलाबाई लेकीच्या, सरलाच्या लग्नाचे पापड लाटत बसली होती. कार्तिकी एकादशी तोंडावर आली होती. एकादशीला देव उठायचा, मग तुळशीचं लग्न लागायचं आणि तुळशीच्या मागोमाग सरलाचं. नवरदेव कोरीटच्या भाईदासचा मुलगा होता.

"यंदा देव उठाडाना नई," चुनीलाल म्हणाला.

प्रमिलाबाईचं लाटणं थांबलं. "काबरं? देव आजारी शे का?"

"देव सपन देखी ऱ्हायना. तू, मी, हाई घर, बठं त्याना सपनमा शे. तो जागा व्हयना, का आपन सरी गयूत!"

चातुर्मासात एक स्वामी तापीकाठी उतरले होते. आषाढीला देव झोपतो आणि झोपेत त्याला जे दिसतं त्यालाच आपण विश्व म्हणतो, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं होतं. सगळ्या गावानं माना डोलावल्या, प्रसाद खाल्ला आणि घरी जाता जाता प्रवचन विसरून टाकलं. शहाणी माणसं प्रवचनाचं असंच करतात. चुनीलालच्या डोक्यात मात्र ते भुंग्यासारखं शिरलं. झोपेत दिसतं ते विश्व, तर झोप मोडल्यावर काय?

त्याचं हे पहिलंच नव्हतं. गेल्या माघात अष्टग्रहीची हूल उठली, तेव्हा 'जगच बुडणार तर साखरपुडा कशाला' म्हणून हा माणूस सरलाच्या पहिल्या स्थळाच्या साखरपुड्याला गेलाच नाही. जग बुडालं नाही. स्थळ तेवढं बुडालं.

पंचाईत अशी, की एकादशीला देवाला उठवायचा मान चुनीलालच्याच घराण्याचा. सकाळी त्यानं पहिली घंटा वाजवायची, मग ढोल, मग उसाचा मांडव. दुसऱ्या कुणी घंटेला हात लावला तर नातवंडांपर्यंत भांडण पुरलं असतं. प्रमिलाबाई पुजारी सुकलालकडे गेली. तो खाटेवर आडवा होता.

"मान तेस्ना शे, वहिनी. मी काय करू?" म्हणून तो कुशीवर वळला. देव झोपला तर पुजाऱ्यालाही झोपता येतं, हे त्याला त्या आठवड्यात कळलं होतं.

प्रमिलाबाईनं घरी येऊन शेवटचा उपाय केला. "तठे हिमालयमा चीनन्या तोफा चाली ऱ्हायन्यात. रेडिओ रोज सांगस. तितला आवाजमा देव ऊठना नई, अन तुम्हनी घंटा ऐकीसन ऊठी?"

चुनीलाल पांढराफटक पडला. "म्हनीसनच सांगस! तो आधीच कच्ची नीजमा शे!"

त्या दिवसापासून गावात कुजबुज सुरू झाली, म्हणजे खरोखरच कुजबुज. चुनीलालनं घंटेच्या लोळ्याला फडकं गुंडाळलं. पिठाची गिरणी बंद पाडली, न्हाव्याची सनई काढून घेतली, रडणाऱ्या पोरांच्या आयांना दम भरला. आणि गाव भ्यालं. खरं असलं तर, या तीन शब्दांनी माणूस काय वाटेल ते करतो. चुनीलालच्या विहिरीवरचं इंजिन मात्र दिवसभर धडधडत होतं, कारण केळीला पाणी लागतं. देवाला इंजिनाची सवय आहे, असं तो म्हणाला.

बातमी कोरीटला पोचायला वेळ लागला नाही. भाईदास स्वतः आला आणि ओट्यावर टेकला. "याहीबुवा, ज्या गावमा देव निजेल शे, तठे वरात कशी आनू? आमना गावमा एकादशीले सकाळीच देव उठस. तुम्ही बी उठाडा, अन लगीन लावूत."

चुनीलाल ताडकन उठला. "तुमना देव अन आमना देव काय येगळा शे? तुम्ही उठाडा तरी आमीच मरसूत ना!"

भाईदासनं पागोटं सारखं केलं आणि चहाला हात न लावता तो निघून गेला. एकादशीला पहाट फुटताच चुनीलालनं गाडी जुंपायला लावली. प्रमिलाबाई बैलांना आडवी गेली. "सरलाना बाप, पोरनं वाटोळं करू नका. पाया पडस तुम्हना." गाडी तिला वळसा घालून गेली.

पुढचं गाडीवान भिकननं सांगितलं. चुनीलाल कोरीटच्या देवळाच्या उंबऱ्यावर आडवा पडला. लोकांनी आधी समजावलं, मग हातपाय धरून उचललं आणि चिंचेखाली ठेवलं. नंतर एवढे ढोल बडवले की बैल बुजले. चुनीलालनं कान दाबून डोळे मिटले. बऱ्याच वेळानं एक डोळा उघडून पाहिलं, तर जग जागच्या जागी होतं आणि भाईदास त्याच्याकडे बघत होता.

दुसरा कुणी असता तर लाजेनं महिनाभर घराबाहेर पडला नसता. चुनीलालला परतीच्या वाटेवरच उत्तर सापडलं. "कोरीटना देव नुसता मूर्ती शे. खरा निजनारा आपला! मी कुलूप लावं म्हनीसन जग वाचनं!" गाव इतके दिवस भीतभीत जगलं होतं. आपण उगाचच भ्यालो असं कुणाला म्हणवेना. त्यापेक्षा वाचलो म्हणणं सोपं होतं. दुपारी ओट्यावर चुनीलालच्या गळ्यात झेंडूचा हार पडला.

हार घालून माणसं बसली होती, तेवढ्यात भाईदासचा निरोप आला. लग्न मोडलं. मुलाला शहाद्याकडची मुलगी ठरली, मुहूर्त तोच.

चुनीलालनं हार सारखा केला. "बरं व्हयनं. बठं सपनच शे. सपनमातला नवरदेव गया, त्यानं काय रडानं?"

माणसांनी माना डोलावल्या. दाराआड सरला उभी होती. तिच्या तोंडून निघालेला आवाज ओट्यावर कुणाला ऐकू आला नाही, आईला आला.  तिनं लेकीला आत नेऊन निजवलं, ती शांत होईपर्यंत पाठीवरून हात फिरवला, मग स्वतः परसदारानं मळ्यातल्या गोठ्याकडे गेली. परतल्यावर तिनं पायांवर पाणी घेतलं आणि पुन्हा पापड लाटायला बसली. लग्न नसलं तरी पीठ भिजवलेलं होतं.

थोड्या वेळानं भिकन धापा टाकत आला. "मालक! म्हशी केळीमा घुसन्यात! आखी बाग तुडवी टाकी!"

"मरी गऊ! मन्ही केळी!" हार तोडून फेकत, छाती पिटत चुनीलाल गावातून असा बोंबलत पळाला की झाडांवरचे कावळे उडाले. कोरीटचे ढोल त्यापुढे काहीच नव्हते.

दिवस कलताना तो चिखलानं भरून परत आला. "म्हशीस्ना दोर कोनी सोडा? तू सोडा?"

"मी? मी कोन सोडनारी?" प्रमिलाबाईनं पापड उलटला. "सपन देवनं शे. देवनीच सोडा."

"बाग गयी मन्ही!" तो किंचाळला.

"हळू बोला," ती म्हणाली. "देवनं ऱ्हाऊ द्या. मन्ही पोर रडीरडीसन आत्ते निजनी शे."