दाजी नियमात बसेनात

मासेमारी बंदरावरच्या सुरक्षा कार्यालयात एक ते दोन जेवणाची सुट्टी असते. दाजी समुद्रात पडले ते पावणेदोनला. चूक तिथूनच सुरू झाली.

दाजी म्हणजे तांडेलाच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बोट तांडेलाच्या हुकमात. तो त्यांना दाजी म्हणे, म्हणून सगळे खलाशीही दाजीच म्हणत. जाळं ओढताना बोट कलली आणि दाजी होते तिथे नुसतं पाणी उरलं. तांडेलाने दोन तास घिरट्या घातल्या, वायरलेसवर घसा कोरडा केला. "नोंद समक्ष येऊनच करावी," एवढंच उत्तर आलं. शेवटी आसपासच्या तीन बोटींना शोधायला ठेवून तो धक्क्यावर आला आणि ओल्या कपड्यांनिशी सुरक्षा कार्यालयाच्या साहेबांपुढे उभा राहिला.

साहेबांच्या मागे फलक होता : 'अपघाताविना ९९७ दिवस'. हजाराव्या दिवशी मंत्री येणार होते. मांडव घालून झाला होता.

"साहेब, माणूस पडलाय. शोधाची मोठी बोट सोडा."

"सोडू की. अपघात झाला की बोट सुटलीच पाहिजे, नियमच आहे. बसा. जखमी किती?"

"एकही नाही."

"मृत?"

"अजून सापडलेच नाहीत, तर मृत कसं म्हणू?"

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे जखमी निरंक, मृत निरंक. मग अपघात कुठल्या रकान्यात घालू? सापडले की ताबडतोब या, मी स्वतः नोंद करीन."

"पण शोधल्याशिवाय सापडणार कसे?"

"आणि सापडल्याशिवाय आम्ही शोधणार कसे? जरा आमच्याही बाजूने विचार करा."

साहेब मुळात वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि वाट सुचवली. अपघात लिहिला, तर तांडेलाची बोट तपासणीसाठी सहा आठवडे बांधून ठेवावी लागणार. न लिहिला, तर ती या क्षणी दाजींना शोधायला मोकळी. तांडेलाने खिडकीबाहेर पाहिलं. उजेड जेमतेम दोन तासांचा उरला होता. त्याने सही केली. कागदावर होतं : 'सदर खलाशी कामाच्या ठिकाणाहून पूर्वसूचना न देता निघून गेला.'

तीन दिवस त्याने पाणी पिंजून काढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक रबरी बूट मिळाला, डाव्या पायाचा. त्यावरचं ठिगळ बहिणीच्या हातचं होतं. साहेबांनी बूट उलटासुलटा करून पाहिला आणि हळहळले. "बूट साहित्यात मोडतो. त्यातून जोडही अपूर्ण."

बहीण धक्क्याच्या टोकाशी उभी होती. तिने बूट पोटाशी धरला.

"दादा, न सांगता निघून गेले असं लिहून दिलंस तू?"

"बोट सुटावी म्हणून गं."

"मला सांगून गेले होते रे. संध्याकाळी येतो म्हणाले होते."



दुसऱ्या दिवशी हजारावा दिवस वेळेवर उजाडला. मंत्र्यांच्या हस्ते सर्व खलाशांना जीवरक्षक जाकिटं वाटायची होती. जाकिटं दोन वर्षांपूर्वीच आली होती. पण वाटपाआधी वापरून मळू नयेत म्हणून कुलपात होती. हजेरीपटाप्रमाणे नावं पुकारली गेली. न सांगता गेलेल्याचं नाव तीस दिवस कमी करता येत नाही, त्यामुळे दाजींचंही पुकारलं गेलं.

बहीण उठली. मंचावर गेली, जाकीट घेतलं, आणि माईकपुढे थांबली.

"हे त्यांना कुठे नेऊन देऊ, तेवढं सांगा."

मंत्र्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माईक हातात घेतला. "पतिराज कामावर नसतानाही आमच्या या भगिनी सुरक्षेचा संदेश घरी नेत आहेत. एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तांडेल दुसऱ्या रांगेत होता. बहिणीसाठी म्हणून त्यानेही वाजवल्या, आणि वाजवताना तिच्याकडे बघायचं टाळलं. ध्वनिव्यवस्था उत्तम होती. तिचा प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेला होता.

तुम्ही म्हणाल, आपण नसत्या वाजवल्या. घरी गेल्यावर मांडवातल्या प्रत्येकालाही तसंच वाटलं.