खंडेनवमीचे पाच पेलेट

सरावासाठी पेलेट स्वस्तातले घ्यायचे, एवढंच आमच्या घरात ठरलं होतं. पुढचं बरंचसं त्यातून आपोआप होत गेलं, आणि जे आपोआप झालं नाही ते माझ्यामुळे झालं.

मी नववीत आहे आणि एअर रायफल शूटिंग करते. हा खेळ मला आवडतो, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. (एकदा मला कबड्डीत चढाईला पाठवलं होतं. पंचांना माझं 'कबड्डी' ऐकूच आलं नाही, म्हणून मी बाद.) आमच्या रायफलीत दारू नसते, नुसती दाबलेली हवा असते. त्या हवेनं शिशाचा एक पेलेट, मसुराच्या दाण्याएवढा, दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटवर जातो. असे शंभरेक पेलेट दिवसाला लागतात. क्लबचे संग्रामसर म्हणायचे, चांगल्या कंपनीचाच डबा घ्या. पप्पा दूध संस्थेत क्लार्क आहेत. ते म्हणाले, सरावाला साधे घेऊ, निवडून वापरू.

निवडून म्हणजे अक्षरशः निवडून. स्टीलचं ताट थोडं तिरकं धरायचं आणि त्यावरून एकेक पेलेट सोडायचा. सरळ घरंगळला तर तो शहाणा, वाकडा गेला तर वेडा. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पप्पा चष्मा नाकावर ओढून हेच करत बसायचे. आई म्हणाली, लग्नाला सतरा वर्षं झाली, मूठभर तांदूळ कधी निवडून दिले नाहीत. पप्पांनी ऐकलं नाही, कारण ते एक पेलेट कानाशी धरून हलवून बघत होते. (का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.)

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. महागड्या डब्यात निवडीपुरते आणि वर दहा-बारा एवढेच पेलेट उरले होते. ते वापरायचे, की ज्यांवर पप्पांनी डोळे शिणवले ते 'शहाणे' न्यायचे, हे मला ठरवायचं होतं. महागडे नेले तर पप्पांना वाईट वाटणार. शहाणे नेले आणि ते ऐन वेळी वेडे निघाले, तर वर्षभराचा सराव वाया जाणार. यावर साधा उपाय होता. दोन्ही पाच-पाच झाडून बघायचे. पण मोकळा दिवस राहिला होता तो खंडेनवमीचा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. हत्यार म्हणजे कोयता, विळी, आईचा मिक्सर, पप्पांचा कॅलक्युलेटर, सगळं. आमचे आण्णा, म्हणजे पप्पांचे वडील, तर आपलं कानाचं मशीन आणि चष्मासुद्धा पूजेला ठेवायचे. त्यामुळे तो दिवसभर त्यांना काही ऐकू यायचं नाही आणि समोर कोण आहे ते दिसायचं नाही. पण एक वाक्य ते दरवर्षी सांगायचे. "आजच्या दिशी हत्यार चालवलं, तर ते रगत मागतं."

आण्णा होळीच्या आधी गेले. त्यांची खोली घराच्या अगदी टोकाला आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून त्या खोलीतल्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतात, म्हणून आण्णा असतानाच टार्गेटचा लोखंडी डबा तिथे बसवला होता. डब्याशेजारी त्यांची वेताची खुर्ची अजून आहे. त्यांचा पंचाही तिच्या पाठीवर घडी घालून तसाच आहे. तो काढायचं कुणी म्हणत नाही.

त्या दिवशी सकाळी आक्कानं पूजा मांडली. आक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण, आमच्याकडेच असते. पाटावर क्लबची रायफल ठेवली होती. मी कोपऱ्यात इतिहासाचं पुस्तक घेऊन बसले होते आणि मनात पेलेटचाच विचार करत होते. आक्का काहीतरी विचारत आली, मी बोट दाखवलं, ती गेली. मग सगळे आवरून पेठ वडगावला मावशीकडे जेवायला गेले. मी घरी अभ्यास करते म्हणाले. न बोलणाऱ्या मुलीचं खोटं लगेच पटतं, कारण ते फार लहान असतं.

दुपारचे दोन वाजले असतील. एरवी आमच्या गल्लीत क्लासची पोरं, रिक्षा, कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न, असं काही ना काही चालूच असतं. त्या दिवशी काही नव्हतं. देवघरात घटासमोरचा दिवा तेवत होता. मी पाटावरून रायफल उचलली. नळीवर कुंकवाची बोटं होती, ती पुसली. एका फुलाची पाकळी घोड्याजवळ अडकली होती, तीही काढली. पाकळी काढताना मला उगाच वाटलं की कुणीतरी हात मागे ओढतंय. (पट्टा पाटाखाली अडकला होता.)

स्वयंपाकघर आणि आण्णांची खोली यांच्या मधल्या बोळातला दिवा मालवला. आण्णांच्या खोलीत टार्गेटवरचा पिवळा बल्ब तेवढा ठेवला. मागच्या दाराशी उभी राहून पहिला शहाणा पेलेट भरला.

आवाज वेगळाच आला. नेहमी कोरडा 'टप्' येतो. हा ओला होता, जेवण झाल्यावर कुणी ओठ चाटावेत तसा. मी थांबले. खुर्चीवरचा पंचा हलल्यासारखा वाटला. पंखा बंद होता. दुसरा पेलेट झाडला, तिसरा, चौथा. पाचव्या वेळी मी सरळ डोळे मिटले आणि घोडा दाबला.

मग टार्गेट बघायला निघाले.

पायाखाली काहीतरी ओलं लागलं. वाकून पाहिलं तर फरशीवर लाल थेंब होते. बारीक बारीक, आण्णांच्या खोलीच्या दिशेनं गेलेले. नीट पाहिल्यावर कळलं की ते खोलीकडून सुरू होत नव्हते. ते जिथे मी उभी होते तिथून सुरू होत होते.

मी स्वतःला चाचपून पाहिलं. मला काही लागलं नव्हतं.

टार्गेटवरच्या पाचही भोकांच्या कडा लाल झाल्या होत्या. एका भोकातून एक दाट थेंब कागदावरून खाली उतरत होता, अगदी सावकाश. शेजारी आण्णांची खुर्ची. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "आण्णा, चुकलं." वर्षभरात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते, आणि ऐकायला कुणी नव्हतं. निदान नसावं, अशी माझी इच्छा होती.

खोलीचं दार लावलं, फरशी पुसली, रायफल होती तशी पाटावर ठेवली आणि घटासमोर जाऊन बसले. फडक्याला लागलेला लाल रंग धुतल्यावर गेला, पण बोटं एकमेकांना चिकटत राहिली. रक्त वाळलं की असंच चिकटतं, हे मला माहीत होतं.

तासाभरानं लक्षात आलं की टार्गेट तिथेच राहिलंय. ते कुणी पाहिलं तर संपलंच. परत गेले, दार ढकललं.

टार्गेटच्या मधोमध जो काळा गोल असतो, तो मोठा झाला होता.

मघाशी तो माझ्या तळहातात मावला असता. आता त्याची कड कागदाच्या टोकाकडे निघाली होती. आणि ती कड जागेवर नव्हती. ती हलत होती. एक काळी बारीक रेघ त्या गोलातून निघून भिंतीवरून खाली, खुर्चीच्या पायापर्यंत आली होती, आणि तीही हलत होती, जिवंत असल्यासारखी. घटासमोर बसताना काढलेला माझा चष्मा देवघरातच राहिला होता. तो आणायला गेले ते परत आलेच नाही.

संध्याकाळी सगळे आले. आईनं विचारलं, जेवलीस का? मी मान हलवली. पप्पांनी विचारलं, अभ्यास झाला का? मी मान हलवली. मग आक्कानं निरांजन पेटवलं. ती रोज तिन्हीसांजेला आण्णांच्या खोलीत दिवा दाखवते, हे मी विसरले होते.

"आक्का, नको जाऊस," मी म्हणाले.

घरातली तिघंही माझ्याकडे बघायला लागली. मी आपणहून वाक्य बोलले, याचीच त्यांना जास्त भीती वाटली असावी. आक्का तरी गेलीच. तिच्यामागे पप्पा, पप्पांमागे आई, आणि आईच्या पदराला धरून मी. (वय वर्षं चौदा.)

आक्कानं निरांजन टार्गेटजवळ धरलं. भिंतीवर तिची सावली आणि खुर्चीची सावली एक झाली होती. मग तिनं एका भोकाच्या लाल कडेवर बोट टेकवलं, आणि ते बोट जिभेवर ठेवलं.

मी खालीच बसले.

"गोड हाय," आक्का म्हणाली. मग निरांजन जरा पुढे नेऊन म्हणाली, "मुंग्या लागल्यात की रं, बाबासो."

बाबासो म्हणजे पप्पा. त्यांनी वाकून पाहिलं. काळ्या गोलावर, भोकांभोवती, भिंतीवर, खुर्चीच्या पायाशी, सगळीकडे काळ्या मुंग्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. हत्यार चालवलं, आण्णांना लागलं, रक्त आलं. आक्का शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "रगत कसलं गं? काकवी हाय ती. कुंकू कालवून."

सकाळी पूजेत तिनं सगळ्या हत्यारांना नैवेद्य दाखवला होता. रायफल घरची नाही, क्लबची, म्हणजे पाहुणी. पाहुणीला नुसता नैवेद्य दाखवणं तिला बरं वाटेना. पोरीची निवड आहे, तोंड गोड करूनच पाठवावी, म्हणून तिनं नळीत चमचाभर काकवी सोडली होती.

पप्पांनी डोक्याला हात लावला. नळीत काकवी कुणी घालतं का, रायफल केवढ्याची, आता सरांना काय सांगायचं, असं बरंच काही ते म्हणाले. आक्का बधली नाही.

"हिला इचारूनच केलंय. म्हटलं, ह्या रायफलीचं तोंड कंच्या अंगाला हाय? हिनं बोट करून दावलं."

सगळे परत माझ्याकडे बघायला लागले. मी बोट दाखवलं होतं, हे खरं होतं.

दसऱ्याला संग्रामसर सोनं द्यायला घरी आले. आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवून, कुणी सांगायच्या आधी मीच सगळं बोलून टाकलं. क्लबमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सरांनी रायफल उघडली आणि दीड तास नळी साफ केली. नळीतून आधी काकवी निघाली, मग सात मुंग्या, मग एक अक्षत. टार्गेटला लागलेलं जिभेवर ठेवायचं नसतं, शिसं असतं त्यात, असं त्यांनी आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, मग हिला जेवताना हात धुवाय सांगा. सर म्हणाले, हे मात्र बरोबर आहे.

निघता निघता ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, आता मुहूर्ताचे झाडूनच बघ, पाच महागडे, पाच स्वस्तातले. मी झाडले. पप्पा दोन्ही टार्गेटं घेऊन उजेडात आले. सरांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, खिडकीशी धरले, मान तिरकी करून पाहिलं आणि पप्पांना म्हणाले, "खुशाल स्वस्तातले वापरा."

पप्पांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. एवढ्या संध्याकाळांची मेहनत. ते म्हणाले, म्हणजे निवडलेले पेलेट महागड्यांच्या तोडीचे आहेत ना, सर?

"पेलेटचं मला माहीत नाही," सर म्हणाले. "पण पेलेटमधला फरक टार्गेटवर दिसायला आधी नेम लागावा लागतो. हिला अजून दोनेक वर्षं तरी कुठलेही चालतील."

निवडीत माझा नंबर राखीव म्हणून लागला. पप्पांनी स्वस्तातले आणखी चार डबे आणलेत. काकवीची बरणी आक्कानं कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. पण त्या दिवशीचं टार्गेट तिनं जपून ठेवलंय आणि येईल त्याला दाखवते, कारण त्यातला एक पेलेट बरोबर मधोमध आहे. मी वर्षभरात मधोमध मारलेला तो एकच. तो पाचवा होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.