बिनलेबलच्या दोन पेट्या

चर्चच्या मागच्या खोलीत त्या शुक्रवारी सतरा खुर्च्या होत्या. पंखे दोन, त्यांपैकी फिरणारा एक. बिस्किटांचे पुडे चार. सभा संपल्यावर उरलेले तीन. हजेरीच्या वहीत मुलांची नावं तेवीस आणि खोलीत मुलं पाच. पाचांतला एक झोपलेला.

ही मोजणी ताईची. ताई म्हणजे चर्चच्या तरुण संघाची नवी प्रमुख. वय चोवीस, पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घाबरली की ती स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची, आणि आकडा बघून आणखी घाबरायची!

पाच महिन्यांपूर्वी संघ हातात आला तेव्हा मुलं सोळा होती. मग ताई ‘आजचं किशोरविश्व’ नावाच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेली, तिथून शेहेचाळीस पानांची फाइल आणि मुलांच्या बोलीतले अकरा शब्द घेऊन आली. पुढच्या सभेत त्यांतले नऊ शब्द तिने एकाच प्रार्थनेत वापरले. तेव्हापासून गळती सुरू झाली.

“पाच?” पाळकसाहेब दारात उभे राहून म्हणाले.

“झोपलेला धरून पाच.”

“बाळा, गायक मंडळ ही खोली सरावाला मागतंय. तुला दोन शुक्रवार देतो. दुसऱ्या शुक्रवारी दहा मुलं दिसली तर ठीक, नाहीतर संघ बंद. मुलं मोठ्यांच्याच सभेत बसतील.”

मोठ्यांच्या सभेत! तिथे तर मोठेसुद्धा झोपायचे.

“दहा कशाला, पंधरा आणून दाखवते!” ताई म्हणाली. “मुलं का येत नाहीत ते एकदा मोजलं की झालं. आठवड्याभरात ही अख्खी पिढी मला समजलेली असेल, पाळकसाहेब!”

नाडी एकशे चार.

योजना साधी होती. ताईने प्रयोगशाळेतून बाटल्यांचं एक रिकामं खोकं आणलं, त्याला तपकिरी कागद चिकटवला आणि वर फट पाडली. तेवीसही मुलांना निरोप गेला : सध्या कशाचा सगळ्यात जास्त त्रास होतो ते लिहा. नाव नको. कागद कुठलाही, वहीतून फाडलेलासुद्धा चालेल. माझ्याशिवाय कुणीही वाचणार नाही, शब्द देते.

रविवारी उपासनेनंतर मुलं एकेक करून पेटीपाशी घुटमळली. ‘म्यूट’सुद्धा! म्यूट ही पंधरा वर्षांची मुलगी. पाच महिन्यांत तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता, म्हणून बाकीच्यांनी तिचं हे नाव ठेवलेलं. तिने घडी करून करून बोराएवढा झालेला कागद फटीत सोडला, ताईकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. ताईला भरून आलं.

आता दुसऱ्या पेटीबद्दल. चर्चमध्ये प्रार्थना-विनंत्यांची पेटी असते. ज्याला काही दुःख असेल त्याने निनावी चिठ्ठी टाकायची. पुढच्या रविवारी मावशी त्या सगळ्यांसमोर वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. मावशी म्हणजे निवृत्त परिचारिका. आवाज असा, की एका टोकाला बोलल्या तर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाचा रुग्ण गोळी घेईल! त्यांची जुनी लाकडी पेटी मोडली होती.

“अगं, मलाही अशीच एक करून दे ना,” त्या म्हणाल्या होत्या.

ताईने दिली. तेच खोकं, तोच कागद, तेवढीच फट. दाराच्या डावीकडच्या टेबलावर मुलांची, उजवीकडच्या टेबलावर मावशींची. लेबल एकाही पेटीवर नाही. प्रयोगशाळेत बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहिल्याशिवाय ताई तिला हात लावत नसे. पण इथे लेबल लावलं तर मुलं लाजतील, असा तिने सूक्ष्म विचार केला होता!

शनिवारी सकाळी चर्चच्या राखणदारकाकांनी फरशी पुसायला दोन्ही टेबलं हलवली, आणि मग दोन्ही पेट्या काळजीपूर्वक परत ठेवल्या. फार काळजीपूर्वक. फक्त डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे.

दुपारी ताईने डावीकडची पेटी घरी नेली, खोलीचं दार लावलं आणि चिठ्ठ्या मोजल्या. चौदा! अक्षर तर काय वळणदार! जोडाक्षरं जिथल्या तिथे. हल्लीच्या मुलांना लिहिता येत नाही म्हणतात ते साफ खोटं, अशी तिने पहिली नोंद केली.

‘रात्र रात्र झोप लागत नाही. पंख्याकडे बघत पडते.’ मोबाइल, ताईने लिहिलं.

‘घरात मी बोलले की सगळे मान हलवतात. ऐकत कुणीच नाही.’ ताईचा जीव कळवळला.

‘दातांमुळे चारचौघांत हसायची लाज वाटते.’ तारा बसवल्या असणार बिचाऱ्याला.

‘तिच्याशी तीन महिने बोलणं बंद आहे. मी आधी बोलावं का?’ प्रेमभंग! ताईने लाल पेन घेतलं.

‘गोड सुटत नाही. कपाटामागे लपवून खातो.’

आणि मग गुडघे. एक चिठ्ठी गुडघ्यांची, दुसरी गुडघ्यांची... चौदापैकी पाच! ताई पेन चावत स्वयंपाकघरात गेली.

“आई, पंधराव्या वर्षी गुडघे दुखतात?”

“पंधराव्या? माझे पन्नाशीत सुरू झाले.”

“बघ! पस्तीस वर्षं आधी! पिढी किती वेगाने चाललीय!”

“कुठे?” आईने विचारलं; पण ताई केव्हाच परत गेली होती. फुटबॉल किंवा एका जागी बसणं, अशा दोन शक्यता तिने लिहिल्या. मग मोठ्या कागदावर तक्ता काढला : ‘आजचं किशोरमन – चौदा नमुन्यांचा अभ्यास’. पाळकसाहेबांनी उपासनेच्या शेवटी दहा मिनिटं दिली होती. पालकांना मुलं समजली की ते त्यांना शुक्रवारी पाठवतील, असा हिशोब. आणि नाव तर कुणाचंच नव्हतं, म्हणजे शब्द पाळल्यासारखाच!

रविवारी तक्ता पुढच्या फळ्यावर टाचून त्यावर टेबलक्लॉथ टाकला. ताई पहिल्या बाकावर बसली. मागच्या दोन बाकांवर मुलं. मावशी पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच चौथऱ्यावर चढल्या, चष्मा लावला आणि पेटी उघडली.

“पहिली विनंती. ‘आई रोज माझा फोन तपासते. घुसमट होते.’” मावशींनी मान हलवली. “कुणाच्या तरी वृद्ध आईला संशयाचा आजार जडलेला दिसतोय. वॉर्डात असे पुष्कळ बघितलेत मी. त्या माउलीसाठी प्रार्थना करूया.”

“आमेन!” सगळे म्हणाले. सगळ्यात मोठ्याने तिसऱ्या बाकावरची एक आई म्हणाली. तिच्या पर्समध्ये दोन फोन होते, त्यांतला एक तिचा.

ताईने मनगट धरलं. नाडी अठ्ठ्याण्णव.

“दुसरी. ‘ग्रुपमधून मला काढून टाकलं. कारणही सांगितलं नाही.’” मावशींनी चष्म्यावरून महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे पाहिलं.

अध्यक्षा ताडकन उठल्या. “मी कुणालाही काढलेलं नाही! एकच बाई गेली, तीही आपणहून!”

“आपणहून?” सहाव्या बाकावरून आवाज आला. “‘आता तुम्ही विश्रांती घ्या’ कोण म्हणालं होतं?”

“तुमची कंबर धरली होती म्हणून म्हटलं!”

“भगिनींनो, डोळे मिटा,” पाळकसाहेब घाईघाईने म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले. ताईने मात्र मागे वळून पाहिलं. मागच्या दोन बाकांवर एकाही मुलाचे डोळे मिटलेले नव्हते. झोपणाऱ्याचेसुद्धा! सगळे तिच्याकडे बघत होते. आणि मावशींच्या हातातला कागद वहीतून टरकावलेला होता, कडेला फाटक्या दातऱ्या.

डावी. उजवी. राखणदारकाका. फरशी. देवा!

एकशे अठ्ठावीस. ताई उठून मावशींकडे बघत दोन्ही हात हलवू लागली. मग पेटीकडे बोट, स्वतःकडे बोट, मान नकारार्थी.

“काय गं? पोटात दुखतंय?” मावशींनी पुलपिटावरूनच विचारलं. “उजवीकडच्या दाराने जा, कडी नीट लागत नाही तेवढी. पाणी द्या रे तिला कुणीतरी!”

“मावशी, ती पेटी...”

“घोट घोट पी. तिसरी विनंती. ‘बाबांना वाटतं मी त्यांच्यासारखं व्हावं. मला ते काम आवडत नाही. सांगायची भीती वाटते.’”

चौथ्या बाकावर कापडदुकानदार आपल्या मुलाशेजारी बसले होते. मुलगा बेचाळीस वर्षांचा. दुकानदारांनी हळूच मान वळवली. “तुला दुकान आवडत नाही?”

“बाबा, मी नाही लिहिलं ते!”

“मग आवडतं?”

मुलगा गीतांच्या पुस्तकाची पानं उलटू लागला. दुकानदारांनी बायबल मिटलं.

ताई आता पुलपिटाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती. हातात पाण्याचा पेला. कुणी दिला ते तिला आठवत नव्हतं. मावशी एक बोराएवढी घडी उलगडत होत्या. एक पदर, दुसरा पदर... ताईला ती घडी ओळखीची वाटली.

“मावशी, नको! ती नको!”

“‘शुक्रवारी जावंसं वाटत नाही,’” मावशींचा आवाज सुरू झाला की थांबत नसे, “‘ताई आम्हाला सारखी समजून घेते. दमायला होतं. एखाद्या दिवशी नुसतं बसू दे.’”

चर्चमध्ये अशी शांतता पसरली की ताईला नाडी मोजायला मनगट लागलं नाही, कानातच ऐकू आली.

या चिठ्ठ्या मुलांच्या आहेत हे आता कुणाला सांगायची गरज उरली नव्हती. तिसऱ्या बाकावरच्या आईने पर्स मांडीखाली घेतली. मागच्या बाकांवर म्यूटचं डोकं खाली खाली जात दिसेनासं झालं.

“हं, तर,” पाळकसाहेब प्रसंग सावरायला पुढे सरसावले, “आता काहीतरी उत्साहवर्धक! ताईंचा अहवाल!” आणि त्यांनी टेबलक्लॉथ ओढला.

गुडघेदुखी, चौदापैकी पाच. निद्रानाश, तीन. प्रेमभंग (तीन महिने बोलणं बंद), एक, लाल अक्षरात.

“गुडघे?” मागून एक मुलगा म्हणाला. “कुणाचे?”

“थांबा!” ताई म्हणाली. आवाज इतका चिरका निघाला की तिचीच ती दचकली. ती पालकांकडे नाही, मागच्या बाकांकडे वळली. “चूक माझी आहे. पेट्या बदलल्या. मी लेबल लावलं नव्हतं. लेबल नसलेली बाटली मी कामावर फेकून देते, आणि इथे... फक्त मी वाचीन असा शब्द दिला होता. तो मोडला. आणि बदलल्या नसत्या तरी तुमचंच सगळं मी इथे टांगणार होते. तेही चूकच. हा तक्ता तुमचा नाहीच. हे गुडघे मोठ्यांचे आहेत.”

“म्हणजे प्रेमभंग तो माझा की काय?” गायक मंडळाचे म्हातारे प्रमुख तक्त्याकडे डोळे बारीक करून बघत होते. “अहो, प्रेमभंग कसला! बहीण आहे ती माझी!”

“मग बोल ना,” पलीकडच्या बाकावरून एक पांढऱ्या केसांची बाई म्हणाली. “तीन महिने झाले!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. एवढ्यात पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकबाई, चष्मा पुसून तक्त्याजवळ गेल्या.

“‘गोड, कपाटामागे लपवून,’” त्यांनी वाचलं. “कुठल्या कपाटामागे हो?”

पाळकसाहेबांनी टेबलक्लॉथ पुन्हा तक्त्यावर टाकला आणि शेवटचं गीत जाहीर केलं. क्रमांक चुकीचा.

पुढचे पाच दिवस ताईने एकाही मुलाला निरोप पाठवला नाही. लिहायची आणि पुसायची. एकूण एकवीस वेळा. फाइल माळ्यावर टाकली. शुक्रवारी पाऊण तास आधी खोली उघडून ती कोपऱ्यात बसली. बाहेर व्हरांड्यात गायक मंडळ पेटी-तबला घेऊन आधीच येऊन थांबलं होतं.

सहाला दोन मिनिटं कमी असताना झोपणारा आला. उशी घेऊन! ‘कसा आहेस’ हे ताईच्या जिभेवर आलं होतं. तिने ते बिस्किटाबरोबर गिळलं. मग दोघं आले, मग चौघं. त्यांत फोनवाल्या आईचा मुलगा होता, फोन स्वतःच्या हातात, आणि म्यूटही. मग ‘ग्रुपमधून काढलं’ म्हणणारी असावी अशी एक, जिने तिला काढलं असावं अशा एकीबरोबर. ताईने अंदाज करणं थांबवलं. मुलं नुसती बसली. कुणी पाय पसरले, कुणी पुडा फोडला.

सव्वासहाला पाळकसाहेब आले. त्यांनी बोट फिरवलं, परत फिरवलं.

“नऊ.”

“नऊच आहेत,” ताई म्हणाली. नाडी एकशे एकोणीस. पण खोटं मोजणं तिला जमत नव्हतं. व्हरांड्यात कुणीतरी तबल्यावर हातोडी मारली.

“बाळा, मी दहा म्हटलं होतं.”

“दहा आहेत.”

आवाज कुणाचा ते कुणालाच कळेना, कारण तो कुणी कधी ऐकलेलाच नव्हता. म्यूट खिडकीजवळच्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

“कुठे दहा? दोनदा मोजले मी.”

“ताईला धरा ना, पाळककाका.”

“अगं, ती मोठी आहे!”

“कुठली मोठी! मोठी माणसं सगळ्यांसमोर ‘चूक माझी’ म्हणतात कधी?” म्यूटने पाय खाली सोडले. “कपाटामागे कोण खातं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.”

पाळकसाहेबांनी खोकून घेतलं. छताकडे पाहिलं, न फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन गायक मंडळाला काहीतरी सांगितलं. पेटी-तबला कुरकुरत निघून गेले.

सात वाजता ताईने वही उघडली. खुर्च्या सतरा. पंखे दोन, फिरणारा एक. बिस्किटांचे पुडे चार, उरलेले शून्य. ताईने विचारलेले प्रश्न शून्य. मुलं दहा.