चक्रसेनाचे तीन जीव

राधाकृष्ण गर्जे यांनी त्या रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता फक्त दोन शब्द उच्चारले : "मी खेळतो." एवढ्याशा दोन शब्दांनी आपल्या सगळ्या शनिवारांचं वाटोळं होणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी कप तोंडाला तसाच लावून ठेवला असता.

त्यांची लेक संस्कृती पुण्याला व्हिडिओ गेम बनवायचं शिक्षण घेत होती. (कचेरीत राधाकृष्ण 'कॉम्प्युटरमधलं काहीतरी' एवढंच सांगत. मुलीला गेम खेळायला पुण्याला पाठवलंय, हे बडेसाहेबांना समजावणं अवघड होतं.) ती सुट्टीला घरी आली होती, पण प्रोजेक्ट घेऊन : नाणं टाकून खेळायचा एखादा जुना गेम घ्या आणि त्याचं रोल-प्लेइंग साहस, म्हणजे पात्र बनून बोलत खेळायची गोष्ट, करा. तिनं घेतला तो तोंड वासून गल्लीबोळातले ठिपके खात सुटणारा पिवळा गोल आणि त्याच्यामागे लागलेली भुतं. आधी हे सगळं जिवंत माणसांकडून खेळवून त्याचा व्हिडिओ बारा वाजेपर्यंत सरांना पाठवायचा होता. आणि खेळायला येणाऱ्या तिच्या मैत्रिणी ऐन वेळी घोडेगावला कुणाच्या तरी हळदीला निघून गेल्या होत्या.

"मी खेळतो," राधाकृष्ण म्हणाले. "अगं, कॉलेजात असताना स्टँडजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये एका नाण्यात अख्खा गेम संपवायचो मी. बघायला ही गर्दी!"

"पप्पा, हा तसा नाहीये. यात पळून उपयोग नाही. बोलायचं असतं."

"तेच ते!" राधाकृष्ण म्हणाले. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत.

सावेडीतल्या त्यांच्या घराची गच्ची त्या दिवशी रिकामी नव्हती. सासूबाई आक्काबाई खास पाथर्डीहून कुरडया करायला आल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून काढलेला चीक पहाटे शिजवून, सोऱ्यातून पाडून, सहा जुन्या साड्यांवर ओळीनं कुरडया घातल्या होत्या, आणि त्या अजून ओल्याच होत्या. साड्यांच्या मधून चालायला वीतभर वाटा सोडलेल्या. संस्कृतीनं ते पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. आयता भुलभुलैया! वाटांवर तिनं शेंगदाणे मांडले, ते ठिपके. आणि आक्काबाईंच्या पायाशी एका वाटीत डिंकाचा लाडू. तो खाल्ला की मिनिटभर भुतांनीच पळायचं.

भुतं तीन. मनकर्णाबाई, म्हणजे राधाकृष्णांची बायको, हे चिडकं भूत. आक्काबाई धोरणी भूत. आणि शेजारचे कुलर दुरुस्तीवाले फैयाजभाई हे भोळं भूत. त्यांना डोक्यावर टॉवेल घेऊन उभं केलं होतं.

"नियम ऐका," संस्कृती मोबाईल सरसावत म्हणाली. "ही भुतं पूर्वी याच गल्ल्यांत राहायची. गोल आला आणि त्यांचं धान्य खाऊन गेला. म्हणून ती चिडलीयत. भुतानं पकडलं तर गोल मरत नाही. भूत एक प्रश्न विचारतं. खरं उत्तर दिलं तर सुटका, खोटं दिलं तर एक जीव गेला. जीव तीन. पप्पा, तुमच्या गोलाचं नाव काय?"

"चक्रसेन!" राधाकृष्ण गरजले. मेव्हण्याच्या हळदीत घातलेला पिवळा कुडता त्यांनी चढवला होता. तो पोटावर असा काही ताणला होता, की गोलाच्या भूमिकेसाठी वेगळी तयारी लागली नाही.

खेळ सुरू झाला. चक्रसेन वाकून शेंगदाणे वेचत, तोंडात टाकत, तिरपे तिरपे धावू लागले. मनकर्णाबाई पदर खोचून मागे. आक्काबाई मात्र स्टुलावर छत्री धरून, कावळे हाकायची काठी घेऊन बसून राहिल्या.

"आजी, पळ ना!"

"मी कशाला पळू? लाडू हितं हाय. त्यो येतोय की आपसूक."

आणि चक्रसेन आपसूक आले. काठी आडवी झाली.

"घावला! जावईबापू, खरं सांगा. दर वर्साला आमच्या जत्रंला तुमास्नी रजा का मिळत न्हाई?"

"साहेब देत नाहीत, मामी."

धोरणी भुतानं कॅमेऱ्याकडं पाहून नुसती मान हलवली. "खोटं हाय. साहेबाला मी औंदा फोन केल्ता. त्यो म्हनला, ह्यांनी रजा मागितलीच न्हाई."

एक जीव गेला. राधाकृष्ण हसले, पण ते हसणं कुडत्यासारखंच ताणलेलं होतं. ते दुसऱ्या वाटेला वळले, तर समोर फैयाजभाई. हे आपलं माणूस, म्हणून राधाकृष्ण निर्धास्तपणे त्यांच्या हाती लागले.

फैयाजभाईंनाही मित्राला वाचवायचंच होतं. काय विचारावं याचा त्यांनी बराच विचार केला. मग एकदम सोपा प्रश्न सुचल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला.

"चक्रसेन महाराज, तुम्ही दर शनिवारी दहा ते दोन कुठे असता?"

राधाकृष्णांनी बायकोकडे चोरून पाहिलं.

"ऑफिसात," राधाकृष्ण कसेबसे म्हणाले. "ऑडिटचं काम…"

"अरे साहेब, खरं बोला ना!" फैयाजभाई कळवळून म्हणाले. "जीव जाईल तुमचा! माझ्या दुकानात असता, कुलरसमोर! हे तर येतं ना तुम्हाला!"

"कचेरीला शनिवारी सुट्टी असते?" मनकर्णाबाईंचा आवाज अगदी हळू होता. वीस वर्षांच्या अनुभवानं राधाकृष्णांना ठाऊक होतं, की आरडाओरडा परवडला, हा आवाज नाही. "कधीपासून?"

"पाच-सहा वर्षं झाली असतील, वहिनी," भोळं भूत म्हणालं.

दर शनिवारी गिरणीतून दळण आणणं, टँकर आला की टाकी भरणं, हे सगळं एकट्या मनकर्णाबाई करत. दुसरा जीव गेलाच होता; त्या आता नवऱ्याच्या दिशेनं निघाल्या. राधाकृष्णांनी आक्काबाईंच्या पायाशी धाव घेतली, वाटीतला लाडू उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.

"लाडू खाल्ला! भुतांनी पळा!" संस्कृती ओरडली.

फैयाजभाई इमानदारीत जिन्यापर्यंत पळाले. मनकर्णाबाई एक पाऊलही हलल्या नाहीत.

"पळायचं कशाला? मी पळाले तर टाकी कोण भरणार?"

मग चक्रसेनच पळाले. वीतभर वाट त्यांच्या पायाला पुरली नाही. उजवा पाय ओल्या कुरडयांवर पडला, सरकला, आणि ऐंशी किलोचा तो गोल तिसऱ्या साडीच्या बरोबर मधोमध बसला.

"आरं माझ्या कुरडया!" आक्काबाईंनी छत्री फेकली. "तीन दिस गहू भिजवला की रं!"

राधाकृष्णांनी उठायचा प्रयत्न केला. साडी त्यांच्याबरोबर उठली. तोंडात लाडू असल्यानं माफीही मागता येईना.

"पप्पा, रोलमध्ये राहा!" संस्कृतीचा आवाज कापत होता. "पावणेबारा झालेत. दुसऱ्यांदा शूट होणार नाही. मम्मीनं एक प्रश्न विचारायचाय आणि तुम्ही एक खरं उत्तर द्यायचंय. नाहीतर गेम संपतच नाही, मी काय पाठवू?"

लेकीचे डोळे भरलेले पाहून राधाकृष्णांनी लाडू गिळला. मनकर्णाबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"एवढंच सांगा. घर सोडून तिथं काय करत होतात?"

"मोबाईलवर हाच गेम खेळतो." राधाकृष्ण खाली बघत म्हणाले. "पार्लरमध्ये मी कधीच जिंकलो नाही गं. गर्दी जमायची ती दुसऱ्या एका पोराला बघायला. मी त्या गर्दीत असायचो. वाटलं होतं, म्हातारपणी तरी एकदा शेवटपर्यंत जाऊ. सहा वर्षं झाली, तिसऱ्या पायरीच्या पुढे गेलो नाही. घरी खेळलो असतो तर तुम्ही सगळ्यांनी बघितलं असतं."

 मग मनकर्णाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, आणि त्या अशा हसत सुटल्या की पदर तोंडात धरावा लागला. "सहा वर्षं? तिसरीतच?"

"खरं बोलला," आक्काबाईंनी निकाल दिला. "सोड त्याला. पन दळन आता त्योच आनंल."

बाराला तीन मिनिटं असताना व्हिडिओ गेला.

चार दिवसांनी सरांचं उत्तर आलं. संस्कृतीला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. "सर म्हणतात, तिन्ही भुतं अफलातून आहेत," ती आनंदानं सांगू लागली. "म्हणून आता खेळणाऱ्यानं भूत व्हायचं. नायक भुतंच."

"आणि चक्रसेन?" कपाळावर पीठ लागलेल्या राधाकृष्णांनी विचारलं. ते नुकतेच गिरणीतून आले होते.

"सर म्हणाले, त्याची गरज नाही. पण मी तुम्हाला काढलं नाही हं, पप्पा! तुम्ही आता एका वळणावर नुसते उभे असता. कुणी काहीही विचारलं, तरी एकच वाक्य बोलता : 'थांबा, घरात विचारून सांगतो.' चालेल ना तुम्हाला?"

राधाकृष्णांचा चेहरा लाल झाला. हा सरळ सरळ अपमान होता. त्यांनी डबा खाली ठेवला, छाती पुढे काढली, काहीतरी सडेतोड बोलायला तोंड उघडलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं.

"थांब," ते म्हणाले, "घरात विचारून सांगतो."