बॅटरीच्या गाडीची पेठेवरची स्वारी

श्री संगमेश्वर प्रसन्न.

कसबे लिंबारी, परगणे अंबाजोगाई, जिल्हा बीड, येथील बसस्थानकासमोरच्या टपरीवर नित्य बैसोन एका चहात तीन प्रहर काढणाऱ्या थोर मंडळींनी आज्ञा केली की, शके एकोणीसशे तीस, सर्वधारी नाम संवत्सरी पेठेत जो संग्राम जाहला तो सांगणारे फार आणि पाहणारे थोडे, सबब खरे काय ते लिहून ठेवावे. ऐसियास आज्ञा शिरसावंद्य मानून घडले तैसे लिहितो. कोठे पदरचे तिखटमीठ पडले असल्यास ते वाचणाराच्या जिभेची सोय म्हणून पडले, लिहिणाराचा स्वार्थ त्यात नाही.

त्या काळी मुलखात खुली बाजारपेठ आली होती. ती कोठून आली आणि कशास आली हे कोणासही ठाऊक नव्हते, परंतु तिच्या पाठोपाठ घरटी एक मोटरसायकल आली, आणि मोटरसायकल आली म्हणून लोकांचे चालणे सुटले, आणि पानाला चुना आणावयास देखील मर्द माणूस किक मारून निघू लागला. मग बैलगाडीच्या मापाने बांधलेल्या पेठेत अशी कोंडी होऊ लागली की आत शिरलेला गडी बाहेर केव्हा पडेल याचा भरवसा राहिला नाही. तेव्हां श्रीमंत विठ्ठलराव, ऐंशी एकर बागायतीचे धनी आणि पेठ सुधार कमिटीचे अध्यक्ष, यांनी मसलत करून पहिले फर्मान काढिले. सकाळी दहापासून सांजेच्या पाचापर्यंत तीन असामींनी भरलेली गाडीच पेठेतून जाईल, एकल्या स्वाराने ओढ्याकाठून कापसाच्या जिनिंगच्या मागे वळसा घालावा, मात्र बॅटरीवरची गाडी धूर करीत नाही, सबब तिजला एका असामीनिशी मुभा. अशी गाडी त्या समयी कसब्यात एकही नव्हती, म्हणून हा उदारपणा कमिटीस फार सोपा गेला. पेठेच्या तोंडाशी दोन बांबू रोवून दोरी ताणली, आणि दोरीवर शिट्टी देऊन शहादेव नामे शिपाई तैनात केला.

या फर्मानाचा घाव बसला तो राजमान्य राजेश्री वीरभद्रप्पांवर. त्यांचे दुकान पेठेच्या पार शेवटास. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल असा माल, आणि पाटीवर 'शिवगंगा मॅचिंग सेंटर' हे कुटुंबाचे नाव. परंतु खुद्द शिवगंगाबाईंना त्या दुकानाच्या गादीवर बसण्याची मनाई, कारण वडिलांच्या गादीवर बायामाणूस बसत नाही असा घराचा शिरस्ता होता. अप्पांना रंग तीनच ठाऊक. राणी, डाळिंबी, कुसुंबी हे सर्व लाल. पोपटी, मोरपंखी, मेहंदी हे सर्व हिरवे. आणि उरलेल्या सर्वांस ते पिवळ्यात घ्या म्हणत. बाया साडीचा पदर हाती धरून येत आणि मनातल्या मनात शिव्या देत परत जात. शिवगंगाबाईंनी वर्षातून एकदा विषय काढावा की मला बसू द्या, आणि अप्पांनी खाकरून जेवणाकडे वळावे, ऐसा उभयतांचा बावीस वर्षांचा संसार चालला होता.

अप्पा लिंगायत, त्यांची इष्टलिंगपूजा पावणेदहापर्यंत चाले, आणि खेड्यांवरच्या बाया टमटममधून उतरत त्या दहाला. ओढ्याचा वळसा अर्ध्या तासाचा. ऐसियास शिवगंगाबाईंनी सहज सुचविले की तुम्हांला उशीर होत असेल तर पायी जाऊन दुकान मी उघडते. हे ऐकताच अप्पांच्या अंगावर काटा आला. दुकान उघडणारा हात गादीवर बसतो, आणि बसलेले माणूस उठवणे किती कठीण हे त्यांनी ग्रामपंचायतीत पाहिले होते. नऊला निघावे हा उपाय होता, परंतु वीर पुरुषांस सोपा उपाय सुचत नसतो. त्यांनी तडक लातूर गाठले आणि बॅटरीची गाडी घेऊन आले.

गाडीस परवाना नको, नंबर नको, आवाज नाही. पायी चालणाऱ्या म्हशीस ती मोठ्या कष्टाने मागे टाकी. भारनियमन बारा तासांचे, म्हणून लाईट येताच अप्पा जेवत्या ताटावरून उठून गाडीच्या चार्जिंगचे बटण दाबीत. परंतु दहाच्या ठोक्याला शहादेवाने दोरी खाली घ्यावी आणि अप्पांनी एकल्याने, मान ताठ ठेवून पेठेत प्रवेश करावा, आणि मोटरसायकलीवरच्या तरण्यांनी बाहेर उभे राहून दात-ओठ खावे, हे सुख त्यांनी तीन महिने भोगिले. मग त्या तरण्यांनी विठ्ठलरावांचे कान भरले. दुसरे फर्मान निघाले की, बॅटरीची गाडी जाहली तरी तीवर दोन असामी पाहिजेत.

येथून मोहिमेस खरे तोंड लागले. अप्पांनी मसलती फार केल्या. प्रथम सिदू नामे रिकामटेकड्यास मागे घेतले, तो दोरीपलीकडे जाताच भजी मागे, आणि वजनाने ऐसा की गाडी चढावर मागे येई. मग अप्पांनी दुकानातला प्लास्टरचा पुतळा घरी आणिला, त्यास डाळिंबी साडी नेसविली, तोंडावरून पदर ओढिला, आणि सुती दोरीने सीटला बांधून स्वारी निघाली. शहादेव अदबीचा माणूस. त्याने दोन दिवस खाली मान घालून पुतळ्यास नमस्कार केला आणि दोरी सोडली. तिसरे दिवशी गाडी खड्ड्यातून गेली. शहादेव धावत आला आणि हातातली वस्तू पुढे करून म्हणाला,

"अप्पा, वैनींचा हात पडला."

पुतळा कमिटीच्या कचेरीत कैद जाहला आणि अप्पांची अब्रू टपरीवर गेली. आता दुसरा असामी म्हणून घरात एकच जिवंत माणूस उरले. अप्पांनी रात्रभर विचार केला नाही, कारण विचार केला असता तर धीर सुटला असता. त्यांनी सकाळी कुटुंबास हुकूम केला की, मागे बसावे, दुकानापाशी उतरावे, आणि उंबरा न चढता टमटमने माघारी यावे. शिवगंगाबाईंनी डबा भरला, तो दोघांचा भरला, आणि मागे बसल्या.

परंतु आदल्या दिवशी लाईट आली नव्हती. दोरी ओलांडून गाडी दहा हात आत गेली, मारुतीच्या पाराजवळचा चढ लागला, आणि बॅटरीने प्राण सोडला. अप्पांनी बाईंस उतरावयास सांगितले. शहादेव शिट्टी फुंकीत आला, आणि बाई उतरल्या तर गाडी एकल्याची होते, मग ती मागे फिरवावी लागेल, असे कलम त्याने वाचून दाखविले. कलम बरोबर होते. मग काय करावे? शिवगंगाबाई मांडीवर डबा धरून तैशाच बसल्या, आणि वीरभद्रप्पा हॅण्डल धरून ढकलू लागले. पेठ दुतर्फा उभी राहिली. कोणी म्हणे पालखी आली, कोणी म्हणे नवस फेडतात. अप्पा घामाने निथळले, आणि मागे बसलेल्या बाईंनी ओळखीच्या बायांस हात करीत करीत पेठ ओलांडली.

दुकानापाशी येताच अप्पा शेजारच्या पायरीवर कोसळले. बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. नाही म्हणावयास जेवढा श्वास लागतो तेवढा अप्पांपाशी शिल्लक नव्हता. बाईंनी दुकान उघडिले, इतक्यात घाटनांदुराहून लग्नाच्या बस्त्याच्या अकरा साड्या घेऊन बाया उतरल्या, आणि त्यांस उभ्या राहण्यास जागा पाहिजे म्हणून बाई गादीवर सरकल्या. राणीस राणी, मोरपंखीस मोरपंखी. अकरा साड्यांस अकरा ब्लाऊजपीस एका बैठकीत निघाले. अप्पांना श्वास आला तेव्हां दारात गर्दी होती. ते आत डोकावले, तो एका म्हातारीने त्यांस बाजूस सरकावयास सांगितले, कारण त्यांच्यामुळे रंग दिसेना.

त्या दिवसापासून रोज हेच चालले. गाडी अप्पांनी हाकावी आणि गादी बाईंनी सांभाळावी. अप्पा वरच्या फळीवरचे गठ्ठे काढीत. त्यांना दुःख फार जाहले. वडिलांची तसबीर गादीच्या मागेच होती, तिच्याकडे पाहणे त्यांनी सोडिले. मग त्यांनी निश्चय केला की हे फर्मानच फिरवावे, म्हणजे दुसऱ्या असामीची गरज उरणार नाही, आणि गादी आपोआप मोकळी होईल.

दैव अनुकूल जाहले. खुद्द विठ्ठलरावांनी हौसेने बॅटरीची गाडी घेतली होती, आणि त्यांच्या मंडळींनी त्या खेळण्यावर मी बसणार नाही असे साफ सांगितले होते. ऐसियास अप्पांचा अर्ज घेऊन श्रीमंतांनी जनतेच्या सोयीसाठी तिसरे फर्मान त्याच दिवशी काढिले की, बॅटरीच्या गाडीस पुनश्च एका असामीनिशी मुभा. अप्पांनी पेढे वाटिले. घरी येऊन छाती पुढे काढून जाहीर केले की उद्यापासून कुटुंबाने विश्रांती घ्यावी, दगदग फार जाहली.

शिवगंगाबाई भाकरी थापीत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे विचारिले,

"दीक्षा दोघांला सारकीच. इष्टलिंग तुमच्याबी गळ्यात हाय अन् माझ्याबी. मंग गादीच तेवढी एकट्या गड्याची कावून?"

बावीस वर्षांत अप्पांनी या प्रश्नास खाकरून उत्तर दिले होते. त्याही दिवशी खाकरले. परंतु बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या, आणि पुढे काय बोलावे हे घराच्या शिरस्त्यात कोठे लिहिलेले नव्हते. ते लवकर निजले.

दुसरे दिवशी वीरभद्रप्पा पूजा आटोपून, विभूती लावून, कडक इस्त्रीची कापडे घालून अंगणात आले, तो गाडी नव्हती. ती धूर करीत नाही तैसा आवाजही करीत नाही, म्हणून केव्हा निघाली हे कळले नाही. तीत अवघड असे काही नसते, हॅण्डलचा उजवा कान पिळला की ती चालते, हे बाईंनी मागे बसून पाहून घेतले होते. अप्पांनी जुनी मोटरसायकल काढली आणि किका मारमारून पेठ गाठली. शहादेवाने दोरी ताणून धरली आणि खाली मान घालून सांगितले,

"एकल्याला न्हाई, अप्पा. आत्ताच वैनी गेल्या, त्यांला हाय."

येणेंप्रमाणे तीन फर्माने आणि एक कैदी खर्ची पडून मोहीम पार पडली. पेठ एकल्या स्वारास खुली जाहली आणि स्वार शिवगंगाबाई ठरल्या, सबब त्यांच्या नावे फत्ते लिहिली. वीरभद्रप्पा ओढ्याकाठून, जिनिंगच्या मागून, साडेदहास पोचले. दारात बायांची रांग होती आणि म्हातारी पुढे सोडीना. तेव्हां ते रांगेत मागे जाऊन उभे राहिले, आणि आपल्याच दुकानात जाण्यास आपला नंबर केव्हा येतो याची वाट पाहू लागले.