शकूताईंचं गाव ठरतं

परदेशातून परत आलेल्या माणसाला आमच्या सोसायटीत आधी घरी जाता येत नसे. बॅगा घेऊन तो लिफ्टपाशी आला की शकूताई लिफ्टच्या दारात चप्पल अडवून उभ्या राहत आणि विचारत, "गाव जुनं आहे का?"

माणूस झोपेत असायचा. तो काहीतरी "हो" म्हणायचा.

"जुनं, की पडकं? जुनं हवं, पडकं नको. आणि रस्त्यात उभं राहून नुसतं बघत बसलं तर कोणी हटकतं का?"

शकूताई म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शकुंतला खांबेटे. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. पृथ्वीवरचे सगळे वारे, प्रवाह आणि वाळवंटं त्यांना पाठ, पण स्वतः त्या कधी महाबळेश्वराच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. लग्न केलं नाही. घरात आई, आणि ती पुढे अंथरुणाला खिळली. गेल्या वर्षी आई गेली. मग वाघोलीला राहणारा त्यांचा भाचा अमेय एका रविवारी येऊन म्हणाला, "मावशी, आता तू फिरून ये. एकच सिटी पकड, मस्त आठवडाभर रिलॅक्स कर. कुठली ते तू डिसाइड कर, बुकिंगचं मी बघतो."

झालं. बाईंना गृहपाठ मिळाला.

तळमजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, "विश्रांतवाडीत राहून विश्रांतीला परदेशी कशाला जायचं?"

"इथे विश्रांती फक्त लिफ्ट घेते," शकूताई म्हणाल्या आणि जिन्याने वर गेल्या.

पुढचे काही महिने आमच्या घरी संध्याकाळच्या चहाबरोबर एकेक शहर यायचं आणि कप विसळेपर्यंत बाद व्हायचं. माझी बायको मुग्धा मोठ्या उत्साहाने फोनवर फोटो शोधून दाखवायची.

"व्हेनिस बघा ना, किती सुंदर!"

"दारात पाणी आलेलं बघायला एवढ्या लांब कशाला? पावसाळ्यात आपलं पार्किंग बघावं."

"प्राग?"

"गर्दी किती आहे! हे तर दिवाळीतला लक्ष्मी रोडच झाला."

"व्हिएन्ना?"

या वेळी त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. "फार नीटनेटकं आहे गं. तिथे मला सारखा पदर सारखा करावासा वाटेल."

शहर ठरत नव्हतं, तरी तयारी जोरात होती. जुन्या गावांत दगडी रस्ते असतात, हे कळल्यावर त्यांनी नवे बूट आणले आणि सोसायटीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीसाठी टाकलेल्या खडीवर चालायचा सराव सुरू केला. साडी, बूट, खांद्याला पर्स. पहिल्या दिवशी वॉचमन धावत माझ्याकडे आला. "साहेब, खांबेटे मॅडमचं काहीतरी हरवलंय. खडीत शोधतायत." मी खाली गेलो तर त्या मला म्हणाल्या, "मध्ये येऊ नकोस. मी युरोपात आहे."

मग त्यांनी तिकडच्या जेवणाची सवय करायला घेतली. ब्रेड, चीज, उकडलेल्या भाज्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आमटीला फोडणी बसली आणि दारावरची बेल वाजली. "मुग्धा, जरा चव बघू दे," असं म्हणत शकूताई आत आल्या आणि दोन वेळा भात घेऊन गेल्या.

शेवटी एक दिवस त्या आल्या त्याच जाहीर करत. "ल्युब्लियाना!"

"कुठे आलं हे?" मी विचारलं.

"स्लोव्हेनियात. मध्ये नदी, टेकडीवर किल्ला, जुन्या भागात गाड्यांना बंदी. आणि मुख्य म्हणजे, 'आम्ही तिथे जाऊन आलोय' असं म्हणणारा एकही माणूस मला पुण्यात भेटलेला नाही."

पुढच्या महिन्यात अमेय त्यांना विमानतळावर सोडून आला. बाई एकट्या गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मला त्यांचे मेसेज यायला लागले. "आता बाहेर पडते आहे. नदीकाठी जाऊन तासाभरात येते." मग, "पोचले." दुपारी, "किल्ल्यावर जाते. चारपर्यंत येईन." मग पुन्हा, "पोचले." ना फोटो, ना वर्णन. एवढ्या चौकशा करून निवडलेलं गाव, आणि त्याबद्दल अवाक्षर नाही! तिसऱ्या दिवशी मी फोनच लावला.

"अहो शकूताई, नुसतं निघाले-पोचले काय कळवताय? गाव कसं आहे ते सांगा की!"

"गाव चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "तुला त्रास होतो का रे मेसेजचा?"

"छे हो."

"पहिल्या दिवशी बूट घालून खाली आले. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने हसून दार उघडून धरलं. आणि मी तिथेच उभी. पाय उचलेना. म्हटलं, आपलं काय राहिलंय? मग लक्षात आलं. घरातून निघताना आई रोज विचारायची, 'कधी येशील?' शेवटी शेवटी तिला माझं नाव आठवत नसे, पण हे विचारायची. मी किती चिडायचे तिच्यावर! आणि इथे कोणी विचारलंच नाही. मग तुला कळवलं, तेव्हा कुठे बाहेर पडले."

मी "जपून राहा" एवढंच म्हणालो.

मुग्धा शेजारीच बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिकडे सकाळ झाली असेल, असा अंदाज घेऊन तिने स्वतःच्या फोनवरून मेसेज टाकला, "शकूताई, आज कुठे निघालात? कधी येणार?"

"बाजारात. येते लवकर."

दुपारी हिने पुन्हा विचारलं, "आलात का? किती उशीर?"

उत्तर लगेच आलं. "येईन गं! सारखं काय विचारतेस? लहान आहे का मी?"

मुग्धाने ते मला वाचून दाखवलं, आणि मग डोळे पुसले.

त्या दिवशी "पोचले" आलंच नाही. सकाळी उठून पाहिलं तर एक फोटो आला होता. अंधारून आलेली नदी, पुलावर लागलेले दिवे, काठावर खुर्च्या टाकून बसलेली माणसं. खाली शकूताईंनी लिहिलं होतं, "आज कळवायचं राहूनच गेलं. फार सुरेख गाव आहे रे."