आधी स्वागत, मग नेट

शिष्टाचाराशिवाय कोणतीही सार्वजनिक सुविधा फार दिवस टिकत नाही, हे सर्वमान्य आहे. असुओसो गावात पाहुण्याला पाणी देऊन ‘काय काम काढलंत?’ असं विचारेपर्यंत कोणी मुद्द्याचं बोलत नाही. मग राजवाड्याच्या वाय-फायनेच तेवढं कोणालाही थेट आत का घुसू द्यावं? राजाच्या वतीने बोलणारे वयोवृद्ध नाना बोआतेंग यांनी हा सवाल परिषदेत टाकला, आणि परिषद हलली.

व्यवस्था अशी ठरली. अंगणात जो फोन जोडेल, तो बातम्या मागो की फुटबॉल, त्याला आधी एकाच पानावर वळवायचं. तिथे नानांचं स्वागतपर भाषण. ते संपलं की ‘ऐकलं’ हे बटण उगवणार. ते दाबलं की जग खुलं. मध्ये स्क्रीन विझली तर भाषण पहिल्यापासून (थोर माणूस बोलत असताना उठून जाणं बरं दिसत नाही). सूट कोणालाही नाही. “मलासुद्धा नाही!” नाना गरजले आणि टाळ्या पडल्या. यंत्र लावणाऱ्या आफ्रियीने सगळं तंतोतंत बसवून दिलं.

योजना कमालीची यशस्वी झाली. भाषण शेवटपर्यंत ऐकण्याचं प्रमाण शंभर टक्के (ऐकायचे ते फोन, माणसं स्क्रीन जागती ठेवून कोपऱ्यावर मक्याच्या पिठाचं केंके आणि मासळी खायला जात). नानांची छाती फुगली. त्यांना स्वतःला नेटची गरज कधी पडली नव्हती.

ती पडली नातवाच्या बारशाला. आठव्या दिवशी, टोरांटोत उजाडताना बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि आजोबांनी फोनवरून नाव पुकारायचं, असं तिथे राहणाऱ्या लेकाशी ठरलं होतं. नाव नानांनी मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं. अंगणात मोबाइलची रेंज नाही, म्हणून त्यांनी वाय-फाय जोडलं. नानांनी नानांचं स्वागत केलं.

भाषण रंगात आलं तोच एक म्हातारी नमस्काराला आली. तिच्या घरच्यांची, शेळ्यांची विचारपूस होईतो स्क्रीन विझली. पुन्हा पहिल्यापासून. मग दोन भाऊ आले. पुन्हा पहिल्यापासून.

“आफ्रियी, पोरी, मला तेवढं सोड गं पुढे!”

“नाना, सूट द्यायची तर मलाही आधी यंत्राला जोडावं लागतं,” आफ्रियीने आपला फोन दाखवला. “माझं भाषण आत्ता कुठे तुमच्या पूर्वजांपर्यंत आलंय.”

अखेर बटण उगवलं. पलीकडे लेक दिसला, मागे बारशाच्या पाहुण्यांचे रिकामे पेले.

“बाबा, थांबलो होतो हो! शेवटी सासऱ्यांनी पुकारलं. छान नाव आहे. संध्याकाळी निवांत बोलू, हं?”

नानांच्या ओठावर आलेलं नाव तिथेच राहिलं. फार वाईट वाटलं त्यांना, पण परिषदेत त्यांनी एवढंच सांगितलं, की भाषण उत्तम आहे.

तुम्हाला हसू येतंय, ते ठीक आहे. परवा घरून फोन आला होता, पलीकडचं माणूस बोलत होतं आणि तुम्ही अधूनमधून “हं, हं” म्हणत होतात. काय म्हणत होतं ते?